टाचणी आणि हिरवी मखमल

१

हिरव्या मखमलीवर डाग पडला होता आणि तो अजून ओला होता.

ताईने कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून उचलला, नाकाशी नेला आणि काही न बोलता पुन्हा टेबलावर ठेवला. ती ओरडली असती तर शिवणघरातल्या सगळ्यांना बरं वाटलं असतं. ताई गप्प बसली की मशीनसुद्धा हळू चालायची.

"पुन्हा?" दारातून तिच्या मुलाने विचारलं.

"पुन्हा."

ती मखमल एका गायिकेची होती. रविवारी तिचं गाणं होतं आणि तोवर झगा तयार हवा होता. त्याआधी रेशमी अस्तर गेलं होतं, त्याच्याही आधी एका नवरीचं रेशीम. शिवणघराचं नाव ताईने सगळी उमेद घालून कमावलं होतं. आता लोक कपडा हातात घेतला की आधी वास घेऊन बघायला लागले होते.

मशीनखाली पाय पोटाशी घेऊन टाचणी बसली होती. करडी, बारीक चणीची, म्हातारपणाकडे झुकलेली मांजर. जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ती पंजा चाटत होती.

"शनिवारी दूधवाल्याची गाडी येईल," ताई म्हणाली. "त्याच्या भावाच्या गोठ्यात जागा आहे. टाचणीला घेऊन जायला सांगितलंय मी."

"आई, अगं बाबांची मांजर..."

"मला माहितीये कुणाची मांजर आहे ती."

मुलगा माडीवर गेला आणि त्याने मावशीला फोन लावला.

२

मावशी म्हणजे ताईची धाकटी बहीण. सगळं आयुष्य तिने टेलिफोनच्या कचेरीत काढलं. त्या काळी कानाला चोंगा लावून बसायचं आणि हाताने तारा जोडायच्या. लोक काय बोलतात ते ऐकायचं नाही, असा नियम होता. पण बोलता बोलता कोण कुठे अडखळतं, ते कानाला आपसूक कळायचं. त्या खोलीतले दिवे, तारांचा चिवचिवाट आणि शेजारणींची कुजबुज सगळं कधीच गेलं, कान तेवढे राहिले. नात्यात कुणाची अंगठी हरवली किंवा कुणी न सांगता निघून गेलं, की मावशीला बोलावणं यायचं. ती शोधाशोध करत नसे. चहा पीत बसायची आणि गप्पा मारायची.

"मांजरीचा तपास?" पिशवी खाली ठेवत ती हसली. "एवढे दिवस माणसांचे केले, आता बढती मिळाली म्हणायची."

"हसू नकोस गं," ताई म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून झालंय. मांजर ठणठणीत आहे म्हणतात. लघवीत काही नाही, दुखणं नाही. म्हणजे हा निव्वळ हट्ट."

"मांजराचा हट्ट बिनकारणाचा नसतो. आपला असतो."

ताई टेबलापाशी गेली. झग्याचे कागदी साचे मखमलीवर पसरले होते आणि ते हलू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती. तळहाताएवढ्या राखाडी, पट्ट्यापट्ट्यांच्या उशा होत्या त्या. आणखी एक तशीच उशी खिडकीत उन्हाला पडली होती.

मावशीने ताईकडे पाहिलं. भाऊजी गेल्यापासून टाचणी रात्री ताईच्या पायांवर झोपते, हे तिला ठाऊक होतं. ताईने ते कधी सांगितलं नव्हतं. फोनवर नुसतं म्हणायची, "हल्ली पाय गार पडत नाहीत." शनिवारनंतर ते पाय पुन्हा गार पडणार होते, आणि ताई तेही कुणाला सांगणार नव्हती.

"मला पेटी दाखव," मावशी म्हणाली.

पेटी जिन्याखाली होती. पांढरी, झाकणाची, पुढे झुलतं दार असलेली. मावशीने वाकून वास घेतला आणि चटकन मागे झाली.

आतून फुलांच्या दुकानासारखा वास आला. मांजरीचा मात्र बिलकुल नाही.

३

"मी आणली ती पेटी," सूनबाई म्हणाली. ती काजं करत होती आणि मान वर करत नव्हती. "आणि मला माहितीये सगळे काय म्हणतात. नवी सून आली आणि मांजर बिघडली."

"मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलंत. इस्त्रीमामा म्हणतात. इस्त्रीशी बोलतात, पण मला ऐकू जाईल असं."

मावशीला हसू आलं. "मग आधी पेटी कसली होती?"

"मोठा उघडा ट्रे. बाबा त्यात नदीवरची वाळू घालायचे. स्वतः जाऊन आणायचे, चाळायचे. बाबा गेले, मग वाळू कोण आणणार? मी दुकानातून हे कागदी दाणे आणले. वासाचे. मला वाटलं, गिऱ्हाईकं येतात, बरं दिसेल." सुई थांबली. "चांगलंच करायला गेले हो, मावशी."

"कुठे होता तो जुना ट्रे?"

"इथेच, जिन्याखाली. जागा मी बदलली नाही. साफही मीच करते, रोज. बघा ना, आत जातच नाही ती."

पुढे मुलाचा नंबर होता. तो हिशेबी माणूस, टापटिपीचा. मांजर जवळ आली की शिंकायचा. मावशीने विचारायच्या आतच तो म्हणाला, "मला ती नको आहे, हे खरं. पण मी काही केलं नाही. उलट मीच तुला बोलावलं."

"ते का?"

त्याने नाक पुसलं. "आईने शनिवार म्हटलं तेव्हा तिचा आवाज ऐकायला हवा होतास तू."

"तुझं काय चाललंय सध्या? कापतोस का?"

"कापतोय कसला! कात्र्या बोथट होतायत नुसत्या. धार लावून आणली की पुन्हा गेली. कुणी कागद कापतं का पुठ्ठा, कळत नाही. आई म्हणते, तुझा हात जड आहे."

मावशीने कापायच्या टेबलावरून सहज हात फिरवला. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. उजेडात धरलं तर बारीकसा चमचमता कण होता. ती तो बोटांवर घोळवत राहिली.

४

इस्त्रीमामा ताईकडे इतकी वर्षं होते की ताईच्या लग्नातला नवरदेवाचा कोटही त्यांनीच इस्त्री केला होता, आणि ते अजून त्याची आठवण काढून बिल मागत. वाफेच्या ढगात उभे राहून ते सगळ्यांचा समाचार घेत.

"मावशी, मांजर हुशार आहे बरं का. ऐऱ्यागैऱ्या कापडाला हात लावत नाही. खानसाम्यांचे कोट आले, शाळेच्या पोरांच्या पँटी आल्या, नर्सांचे झगे आले, ढीग पडलेत तिथे. कधी ढुंकून बघितलं नाही. मखमल आली, रेशीम आलं की बाईसाहेब हजर! मोठ्या घरची आहे ती."

"मामा, आणि शिवून झालेल्या कपड्यांना?"

"छे! माझ्याकडे येईपर्यंत जे येतं ते शाबूत येतं. सगळं होतं ते त्या टेबलावर."

"टाचणी आधीपासून अशीच होती?"

"नाही हो. मोठे मालक होते तेव्हा एकदम शिस्तीची. वाळू एवढी लाडकी होती तिची! ट्रे साफ करायला उशीर झाला ना, तर शेजारी वाळूचं उघडं पोतं होतं, सरळ त्या पोत्यात जायची. मालक म्हणायचे, बघा, ही थेट गोदामातच गेली."

मामा हसले. मावशी हसली नाही.

"ते पोतं गेलं कुठे?"

"काय की." मामांनी इस्त्री उचलली. "एक दिवस नव्हतं खरं."

मावशी ताईकडे गेली. ताई मखमलीचा डागाळलेला भाग ओल्या फडक्याने टिपत होती.

"ताई, भाऊजींच्या वाळूचं पोतं कुठे गेलं गं?"

ताईचा हात थांबला नाही. "टाकलं असेल कुणीतरी."

ते शब्द मावशीच्या कानात अडकून राहिले. ताईच्या शिवणघरात ‘कुणीतरी’ नावाचं कुणी कामाला नव्हतं. साधं एक बटण सांडलं तर ते कुणाच्या हातून, कुठल्या मशीनखाली, हे ताईला माहीत असायचं.

५

पण आधी साधी वाट धरायची, असं मावशीने ठरवलं. तारा जोडतानाही तिची तीच रीत होती: आधी जवळचं भोक, मग लांबचं.

तिने झुलतं दार काढलं, झाकण काढलं, वासाचे दाणे ओतून टाकले आणि बिनवासाचे घातले. सूनबाईने पेटी नुसत्या पाण्याने घासून दिली. पेटी कोपऱ्यात, शांत जागी, उघडी ठेवली. टाचणी आली, हुंगलं, एक पाय आत टाकला. सगळे श्वास रोखून उभे.

मग तिने पाय झटकला, जणू चिखलात पडला होता, आणि निघून गेली.

"झालं," मुलगा म्हणाला आणि शिंकला.

दुसऱ्या दिवशी मोतिया रेशमावर डाग होता.

ताईने रेशीम घडी करून बाजूला ठेवलं. खिडकीतल्या उशीची जागा तिने बदलली, दुसरी उशी उन्हात ठेवली. पलीकडे जाताना तिने जराही न थांबता टाचणीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"उद्या शनिवार," ती म्हणाली. "पिंजरा खाली काढा."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पेटी तिने आणली होती, आणि मांजर गेली की हे घर तिला आयुष्यभर काही बोलणार नाही, नुसतं बघणार, हे तिने ओळखलं होतं.

मुलाने काढलेला पिंजरा मावशीने पुन्हा वर सरकवला. "दुपारी जेवायला सगळे वर जातात ना? मला ट्रायल रूममध्ये एक खुर्ची द्या. आणि टेबलावर पाहिजे ते कापड पसरू दे, नेहमीसारखं. वजनांसकट."

६

ट्रायल रूमचा पडदा थोडा सरकवून मावशी बसली होती. खाली कुणी नव्हतं. वरून ताटांचा आवाज येत होता. टेबलावर सूनबाईने दोन कापडं मांडली होती. एका टोकाला मखमलीचा तुकडा, चार राखाडी उशांखाली. दुसऱ्या टोकाला शाळेच्या गणवेशाचं जाड कापड, लोखंडी वजनांखाली. मावशीनेच तसं मांडायला सांगितलं होतं.

टाचणी मशीनवरून टेबलावर आली. ती गणवेशावरून चालत गेली, थांबलीही नाही. मखमलीपाशी आली. मखमल तिने हुंगली नाही. ती थेट एका उशीपाशी गेली, नाक खुपसलं, आणि पुढच्या पंजांनी खणायला लागली. खर्र, खर्र. अगदी मन लावून, घरच्यासारखं.

मावशी पडद्यातून बाहेर आली. "टाचणे! थांब गं, बाई, थांब."

टाचणी पळाली. मावशीने ती उशी उचलली. हातात जड होती. कडेच्या शिवणीतून दोन-तीन चमकदार कण टेबलावर सांडले. तिने उशी उलटीपालटी केली. उशीचं कापड तिला ओळखीचं होतं. राखाडी पट्ट्यांचं अस्तर. भाऊजींच्या हिवाळी कोटाचं. त्यांनी कोट उतरवला की आत तेच दिसायचं, आणि ताई म्हणायची, "बाहेरच्यापेक्षा आतला भारी."

मावशीने उशी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. उत्तर तिच्या हातात होतं. आता ते कुणासमोर सांगायचं, हा प्रश्न होता.

७

सगळे जेवून खाली आले. मावशीने मखमलीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाचणी कुठल्याच कापडावर रागावलेली नाही. सूनबाईवर तर मुळीच नाही."

"मग?" मुलगा.

"कापडं डागाळतात ती फक्त मखमल आणि रेशीम. का? तर लोखंडी वजनाने मखमल दबते, रेशमावर वण उठतो. म्हणून त्यांच्यावर ह्या उशा ठेवता. गणवेशावर लोखंड. बरोबर?"

"बरोबर," इस्त्रीमामा म्हणाले. "मऊ असतात म्हणून."

"ह्यांच्यात काय आहे, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. छर्रे असतील, तांदूळ असतील, असं समजलो. पण टेबलावर वाळूचा कण सापडला. तुझ्या कात्र्या त्याच्यामुळेच बोथट होतायत, बाळा. तुझा हात जड नाही. आता घरात वाळू कुठे आहे? पेटीत कागदी दाणे. म्हणजे वाळू दुसरीकडे आहे. आणि मांजर वाळूच्या मागे जाते. पोत्यातली वाळू, जिच्यात ती वर्षानुवर्षं गेली. धुतली, वाळवली, तरी आपल्या नाकाला काही येत नाही, तिच्या नाकाला येतं. एकदा भिजली की वरून सुकते, आत मुरते, मग तर जास्तच. तिने पेटी सोडलेली नाही. तिची पेटीच टेबलावर आली आहे. आणि ह्या उशा..."

मावशी थांबली. तिने ताईकडे पाहिलं नाही. कोटाचं अस्तर कुणी कापलं, हे बोलायची जागा ही नव्हती. नजर खाली घालून ती चहाचा कप फिरवत राहिली.



"मी शिवल्या," ताई म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"शेवटचं पोतं होतं ते. ह्यांनी आणलेलं. टाकून द्यायला निघाले, तर हात पुढे होईना." ताई बोलत होती ती टेबलाशी. "पोतं घरात ठेवलं तर तुम्ही विचारणार, आई हे कशाला. म्हणून वाळू चाळून, धुऊन, माडीवर वाळवली. दोन उन्हं दाखवली. वजनं म्हणून रोज हाताखाली राहतील, असं वाटलं. सकाळी कापायला घेतलं की बरं वाटायचं. मांजर तिथे का जाते, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नाही गं."

"तुझ्यासारखीच ती," मावशी म्हणाली. "तूही तिथेच जातेस."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग, किती दिवसांनी, ती खुदकन हसली. हसताना डोळे पुसले, आणि दोन्ही एकत्र आल्याने तिला ठसका लागला. इस्त्रीमामांनी घाईघाईने पाणी आणलं आणि म्हणाले, "हे लग्नाच्या कोटाच्या बिलात धरू का?"

सूनबाईने हळूच विचारलं, "मग त्या उशा नुसत्या ठेवून देऊ या का, आई? टेबलावर नाही, वर. कपाटात."

ताई उशीकडे पाहत राहिली. मग टाके उसवायची बारीक कात्री उचलली.

"त्या तिच्या आहेत," ती म्हणाली. "त्या आधीपासूनच तिच्या होत्या."

पहिली शिवण सुटली. सूनबाई न सांगता माडीवर गेली आणि जुना उघडा ट्रे शोधून घेऊन आली. तिने तो टाकला नव्हता. धुवून, फडक्यात गुंडाळून, कपाटाच्या वर ठेवला होता, आणि हे इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. ताईने ट्रे पाहिला, सून पाहिली, आणि तिच्या हातात दुसरी उशी दिली. दोघी उसवायला बसल्या. वाळू ट्रेमध्ये पडत राहिली, अस्तराचे तुकडे ताई मांडीवर घडी करत राहिली. ते कपाटात जाणार होते.

मुलगा जिन्यात बूट घालत होता.

"तू कुठे?" ताईने विचारलं.

"नदीवर. एवढीशी वाळू किती दिवस पुरणार?" तो शिंकला. "पोतं घेतलंय. आणि चाळायची मी नाही, हां. आधीच सांगतोय."

इस्त्रीमामा मान वळवून हसले. मोठे मालक नदीवर जाताना नेमकं हेच म्हणायचे आणि येऊन स्वतःच चाळायचे, हे त्यांच्याशिवाय फक्त ताईला माहीत होतं, आणि ताई खाली मान घालून उसवत होती.

शनिवारी सकाळी दूधवाल्याची गाडी दाराशी लागली. ड्रायव्हर पिंजरा घ्यायला हात पुढे करून आत आला. टेबलावर हिरव्या मखमलीचा झगा जवळजवळ तयार होता. डागाळलेला कोपरा कापून टाकून ताईने घेर जरा अरुंद केला होता, आणि गायिकेला ते कधीच कळणार नव्हतं.

"बाई, मांजर कुठे आहे?"

जिन्याखालून आवाज येत होता. खर्र, खर्र. मावशीच्या कानांनी तो सगळ्यांच्या आधी टिपला. वाळू मन लावून खणल्याचा आवाज, सावकाश, कुठलीही घाई नसलेला.

ताईने सुईत दोरा ओवला आणि मान वर न करता म्हणाली, "आत आहे. जरा कामात आहे ती."